बऱ्हाणपूरची हुंडी

बुधवाऱ्यातला माझा एक जुना विद्यार्थी आता परदेशी राहतो व तिसऱ्याच देशातील गिऱ्हाइकांना दूर बसून सल्ला देतो. गेल्या सुटीत तो म्हणाला, "सर, काम सोपे, पण केलेल्या कामाचे पैसे हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. वाटेत बँक आपला वाटा कापते, आणि दोन देशांचे करखाते विचारते, तुम्ही वर्षातले किती दिवस कोठे होता?" आपल्या कायद्यातही १८२ दिवसांचा हिशेब आहेच. मी त्याला म्हटले, "तुझे दुखणे आपल्या गावाला नवे नाही."

सतराव्या शतकात बऱ्हाणपूर हे सुरत-आग्रा मार्गावरचे मोठे ठाणे होते. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे आला आणि शाहजादा परवीझ याच्याकडून त्याने वखारीची परवानगी मिळविली. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये येथून गेला. शहरातील बहुतेक घरे त्याला गवताने शाकारलेली दिसली. मात्र येथील तलम, जरीकाठी कापड इराण, तुर्कस्थान, पोलंड आणि कैरोपर्यंत जात होते.

आता या परक्या व्यापाऱ्याची अडचण पाहा. त्याचा पैसा सुरतेला आणि माल बऱ्हाणपुरात. रोकड बैलांवर लादून आणावी तर वाटेत लुटारू. म्हणून तो येथील सराफाकडून रुपये घेई, त्यातून कापड खरेदी करी आणि सुरतेस फेडण्याची हुंडी लिहून देई. तावेर्नियेने या व्यवहाराचे दर नोंदले आहेत : बऱ्हाणपूरहून सुरतेस शेकडा अडीच ते तीन, आग्ऱ्याहून सव्वाचार ते साडेचार, लाहोरहून सव्वासहापर्यंत, ढाक्याहून दहा. म्हणजे दहा हजारांवर बऱ्हाणपूरकर सराफाला फार तर तीनशे रुपये मिळत. ढाक्याच्या सराफाला हजार.

एवढ्याने सराफाला लोभी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. कारण माल वाटेत लुटला गेला, तर सराफाचे पैसेही बुडत, असे तावेर्निये स्वतःच सांगतो. तेव्हा त्या तीन टक्क्यांत व्याज होते आणि विमाही होता. आमच्या विद्यार्थ्याची बँक वटाव घेते. जोखीम मात्र त्याचीच राहते!

सरकारचा हिस्सा निराळा. सुरतेच्या बंदरात मालावर शेकडा चार ते पाच आणि सोन्या-चांदीवर दोन जकात पडे. शिवाय नाणे जुने झाले की त्याचा भाव उतरे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या रुपयाला शेकडा चारपर्यंत बट्टा बसे. नाणी मोजून घेताना प्रत्येकाचे साल पाहणारा पारखी सराफ जवळ नसला, तर परक्याचे नुकसान ठरलेलेच.

आणि गिऱ्हाईकच सत्ताधारी असले म्हणजे? बंगालचा सुभेदार शाइस्ताखान, जो पुण्याच्या लाल महालातील प्रसंगामुळे आपणा सर्वांस ठाऊक आहे, त्याने १६६६ मध्ये तावेर्नियेकडून जवाहीर घेतले आणि रकमेसाठी कासिमबाजारच्या खजिन्यावर चिठ्ठी दिली. तावेर्निये तेथे पोहोचला, तेव्हा रक्कम न देण्याचा हुकूम त्याच्या आधीच आला होता. काही दिवस खोळंबून अखेर पैसे मिळाले, ते ठरल्यापेक्षा वीस हजार रुपये कमी. माल केव्हाच हातचा गेला होता. त्याने ते घेतले.

हे ऐकून विद्यार्थ्याने विचारले, "मग पुढच्या वेळी त्याने अर्धी रक्कम आगाऊ घेतली का?"