बोटाला टक्के होते, पट्टीला नव्हते

कॅशलेस मंजूर झालं तरी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर काही रक्कम भरावीच लागते. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "नॉन-पेएबल आहे." त्यात हातमोजे, मास्क, क्रेप बँडेज आणि कधीकधी साधा कापूस नि गॉजसुद्धा असतो. जखमेवरची पट्टी उपचारात धरायची की नाही, हा प्रश्न आपल्या गिरणगावात शंभर वर्षं जुना आहे.

1 जुलै 1924 पासून कामगार नुकसानभरपाई कायदा (1923 चा) लागू झाला. तेव्हा आपली प्रभादेवी म्हणजे गिरण्यांचे भोंगे. साच्यात, पट्ट्यात हात सापडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. या कायद्याला एक तक्ता जोडला होता. अंगठा गेला तर 25 टक्के, तर्जनी 10, बाकीचं कुठलंही बोट 5. कोपरापासून उजवा हात गेला तर 70, डावा गेला तर 60. म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, ते अवयवावरून ठरवायचं. आज ज्याला मेडिकल कोडिंग म्हणतात, त्याचाच हा जुना भाऊ समजा.

पण मेख पुढे होती. दहा दिवसांच्या आत कामावर परतण्याजोगी इजा असेल तर भरपाईच नाही. आणि औषधपाण्याचा, मलमपट्टीचा खर्च मालकाने द्यावा असं त्या कायद्यात कुठेच नव्हतं! ते कलम आलं 2009 च्या दुरुस्तीत. तब्बल 86 वर्षांनी.

मधल्या काळात कामगाराला खरा आधार मिळाला तो ईएसआयचा. कायदा 1948 चा, योजना 1952 मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झाली आणि 1954 मध्ये मुंबईत आली. थोडी वर्गणी कामगाराच्या पगारातून, थोडी मालकाची. त्या बदल्यात जवळचा पॅनल डॉक्टर आणि मोठं काही असेल तर परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय. रांगा होत्या, औषधांवरून कुरकुरही होती, ते नाकारत नाही. तरी पट्टीचं बिल पेशंटच्या हातात येत नव्हतं, ही गोष्ट माझ्या मते फार मोठी होती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि वर्गणी नाही तर ईएसआयचा हक्क नाही. गिरणी गेली तशी तीही सावली गेली. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम पॉलिसी आली, पण तिचा हप्ता ज्याला परवडेल त्याच्यासाठी.

आता आजच्या बिलाकडे या. विमा नियामकाने 2013 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये या किरकोळ वस्तूंच्या याद्या ठरवून दिल्या. 2020 च्या पहिल्या यादीत 68 बाबी आहेत, त्या कंपनी सहसा देत नाही. क्रेप बँडेज, हातमोजे, मास्क, डायपर त्यात येतात. तिसऱ्या यादीत 23 बाबी आहेत. गॉज, कापूस, सुती बँडेज, चिकटपट्टी या त्यात येतात, आणि त्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या किंवा प्रोसीजरच्या दरातच धरायचा आहे. म्हणजे लवचिक पट्टी तुमच्या खिशातून, साधी पट्टी प्रोसीजरच्या पैशातून. गंमत आहे की नाही?

अमेरिकेत तर गॉजच्या तुकड्याला स्वतःचा कोड आहे, आकारानुसार वेगवेगळा. शिवाय ड्रेसिंग किती जखमांवर केलं तेही एक ते नऊ अशा खुणांनी लिहावं लागतं. आपल्याकडे नवी मुंबईत, पुण्यात बसून मुलंमुली तिकडचे असे कोड भरतात. आणि इकडे त्यांच्या आईवडिलांच्या बिलात नुसतं 'ड्रेसिंग मटेरियल' लिहिलेलं असतं.

म्हणून बिल मागताना वस्तूवार तपशील मागा. पॉलिसीच्या शेवटच्या पानांत या याद्या जोडलेल्या असतात, त्यांच्याशी ताडून बघा. तिसऱ्या यादीतली वस्तू वेगळी लावली असेल तर डिस्चार्जच्या आधीच बिलिंगवाल्यांना ती यादी दाखवा. कंपनीने चुकीचं कापलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि कोणाच्या घरी आजोबांचं ईएसआयचं जुनं कार्ड जपून ठेवलेलं असेल, तर जरूर कळवा. बघायला आवडेल.