पहिले पुस्तक आणि दक्षिणेचा दरवाजा

लेखकाने आपले पहिले पुस्तक कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न मराठीत मुद्रणाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते महाराष्ट्राबाहेरील वाचकास चमत्कारिक वाटण्याजोगे आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात होता. 1818 नंतर इंग्रज सरकारने तो आटोपशीर स्वरूपात चालू ठेवला. 1849 साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्या मताच्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. सनातनी मंडळींचा विरोध झाला, तरी मागणी मान्य झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. वेदविद्येसाठी राखलेला पैसा देशभाषेच्या वाट्यास यावा, ही त्या काळी लहान क्रांती नव्हे.

परंतु निधीचे प्रयोजन बदलले म्हणून निधी वाटणाऱ्यांची दृष्टी बदलतेच असे नाही. कमिटीच्या पारितोषिकांचा मोठा वाटा इंग्रजी आणि संस्कृत ग्रंथांच्या भाषांतरांकडे गेला. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आधुनिक मराठी गद्याची बैठक याच भाषांतरांनी घडविली. मात्र भाषांतर परीक्षकाला सोयीचे असते, कारण मूळ ग्रंथाच्या योग्यतेचा निवाडा दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेला असतो. ज्याच्यामागे मूळ ग्रंथ नाही, पूर्वीचा नमुना नाही आणि ज्याच्या लेखकाचे विद्वत्कुळाशी नाते नाही, असे बाड समोर आले म्हणजे परीक्षकाची खरी परीक्षा होते.

असे बाड 1855 साली कमिटीकडे आले. त्याचे नाव ‘तृतीय रत्न’, आणि कर्ते जोतीराव फुले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांना सात वर्षे झाली होती, पण ग्रंथकार म्हणून ते सर्वस्वी नवखे होते. नाटकाचे कथानक साधे आहे. एका गरोदर कुणबी स्त्रीला जोशी ग्रहांच्या पीडेची भीती घालतो. शांती, अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन यांपायी ते अडाणी जोडपे कर्जात बुडते. विदूषक मधून मधून जोश्याचे कसब उघडे करीत असतो. पुढे एक पाद्री भेटतो, वादविवाद होतो आणि अखेर नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करतात. तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, अर्थात विद्या.

नाट्यकृती म्हणून हे लेखन निर्दोष नाही. पाद्र्याची भाषणे लांबतात, आणि शेवट तर शाळेच्या जाहिरातीसारखा वाटतो. तथापि ते कोणत्या काळी लिहिले गेले हे विसरून चालणार नाही. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस 1843 साली रंगभूमीवर आले होते आणि पौराणिक आख्यानांचीच तेव्हा चलती होती. वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 चे. अशा वेळी कुणब्याच्या घरातला चालू प्रसंग, त्याच्याच बोलीत, गद्य संवादांतून मांडणे ही कल्पनाच अपूर्व होती.

कमिटीने नाटक स्वीकारले नाही. युरोपियन सभासदांचे ब्राह्मण सभासदांपुढे काही चालले नाही, असे कारण जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त दिले आहे. हा एका पक्षाचा जबाब आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. ज्या वर्गाच्या व्यवसायावर नाटकाचा रोख होता, त्याच वर्गाकडे त्याचा निकाल सोपविलेला होता. परीक्षक व्यक्तिशः कितीही सज्जन असोत, ही रचनाच न्यायाला पोषक नव्हती.

नकाराची किंमत किती, हे वर्षांनी मोजता येते. त्यानंतर जोतीरावांचे छापील पुस्तक दिसते ते 1869 साली, म्हणजे चौदा वर्षांनी. त्या वर्षी शिवाजी महाराजांवरील पोवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही दोन्ही प्रसिद्ध झाली. दुसरे तर त्यांनी पदरच्या पैशाने छापले. आता त्यांनी कमिटीचे दार ठोठावले नाही. पोवाडा हा गाऊन ऐकविण्याचा प्रकार. त्याला विद्वानांच्या शिफारशीवाचून श्रोते मिळतात. ‘नाकारलेल्या लेखकाने आपला वाचक बदलला’ असे या निवडीचे वर्णन करता येईल. नाटककार मात्र त्यांच्यातून गेला नाही. 1873 ची ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडते. ‘सत्सार’ संवादरूपच आहे, आणि मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तही प्रश्नोत्तरांचीच मांडणी आहे. समीक्षकांनी या संवादांचा विचार बहुधा प्रचाराचे साधन म्हणून केला. त्यांची मुळे एका न खेळलेल्या नाटकात आहेत, इकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मराठी वाङ्मयाचा इतिहास मुख्यतः छापील पुस्तकांवरून लिहिला गेला. 1867 च्या कायद्याने छापलेल्या ग्रंथांची नोंद सक्तीची झाली. पण न छापलेल्याची नोंद कोण ठेवणार? म्हणूनच आद्य सामाजिक नाटकांची चर्चा दीर्घकाळ ‘तृतीय रत्न’वाचून होत राहिली. केशवसुतांचेही पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले नाही. ते 1905 साली वारले आणि हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता 1917 साली ग्रंथरूपाने आणली. परंतु त्या कविता मासिकांतून वाचकांपर्यंत पोचल्या होत्या, त्यांना अनुयायी लाभले होते. जोतीरावांच्या नाटकाला तेवढाही आधार नव्हता.

छापले गेल्याने तरी काय होते, याचेही उदाहरण त्याच परिवारात सापडते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध 1882 साली पुण्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यावर जी टीका झाली तिच्यात स्वकीयांचाही आवाज होता, आणि लेखिकेची बाजू ‘सत्सार’मधून जोतीरावांनी घेतली. पहिल्या पुस्तकाचे काय होते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही. स. गं. मालशे यांनी 1975 साली हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला, आणि चारच वर्षांनी, 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये ‘तृतीय रत्न’ प्रथम छापले गेले; कमिटीच्या नकारापासून मोजले तर एकशे चोवीस वर्षांनी.