अधिकार आधी, परीक्षा नंतर

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरची बढती म्हटली की आपल्याकडे ठरलेला मार्ग दिसतो: स्टाफ नर्स, इन्चार्ज सिस्टर, मेट्रन. प्रत्येक पायरीवर ती रुग्णाच्या खाटेपासून लांब आणि रजिस्टरांच्या जवळ जाते. अतिदक्षता परिचर्येचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे. बंद पडलेलं हृदय बाहेरून विजेचा धक्का देऊन आणि छाती दाबून पुन्हा चालू करता येतं, हे 1960 पर्यंत सिद्ध झालं होतं. तरी रुग्ण दगावत, कारण डॉक्टर पोहोचेपर्यंत हातातली मोजकी मिनिटं निघून जात. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी 1963 च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. खाटेशी चोवीस तास परिचारिकाच असते, तेव्हा ईसीजी वाचायला तिलाच शिकवायचं आणि डॉक्टर हजर नसेल तर धक्काही तिनेच द्यायचा. त्या काळी हे धाडसच होतं. अमेरिकेतल्या या परिचारिकांची संघटना 1969 मध्ये उभी राहिली आणि त्यांची प्रमाणपत्र परीक्षा 1976 मध्ये सुरू झाली. म्हणजे अधिकार आधी आला, परीक्षा बऱ्याच उशिरा.

आपण परीक्षेपासून सुरुवात केली. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांत क्रिटिकल केअर आणि आपत्कालीन परिचर्येच्या एक वर्षाच्या पदविका आहेत. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे ठरलेल्या चौकटीत स्वतः उपचार करू शकणाऱ्या परिचारिकेचा, दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमही गेल्या दशकात आला. तो पुरा करणाऱ्यांसाठी सरकारी सेवेत स्वतंत्र पदं मात्र अजून फारशी नाहीत. शिकून आलेली सिस्टर पुन्हा त्याच ड्युटी चार्टवर. तिला उपचाराचे अधिकार द्यायचे म्हटलं की डॉक्टरांचा आक्षेप असतो की हा डॉक्टरांचा तुटवडा स्वस्तात झाकण्याचा प्रकार आहे. ही भीती निराधार नाही. पुरेसं शिक्षण न देता जबाबदारी टाकली, तर तसंच होईल. पण फिलाडेल्फियात परिचारिकेला मोकळं रान दिलं नव्हतं. कोणत्या वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं होतं, आणि त्यासाठीचं शिक्षण तिला दिलेलं होतं. शिवाय आपल्या आयसीयूंमध्ये रात्री तीन वाजता बिघाड सर्वांत आधी सिस्टरच्याच नजरेस पडतो. तिने तो ओळखायचा, पण उपाय करायचा नाही, या नियमाने रुग्ण अधिक सुरक्षित कसा होतो, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं. राज्य सरकारने निदान वैद्यकीय महाविद्यालयांच्या अतिदक्षता विभागांत तरी नर्स प्रॅक्टिशनरचं पद, त्याची वेतनश्रेणी आणि अधिकारांची लेखी यादी एकाच आदेशात काढावी.