तळटीप : आगबोट आणि पडलेला वारा
१. वाफेच्या यंत्राची ग्रंथकाराने येथे केलेली स्तुती काहीशी एकांगी आहे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली, तेव्हा कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावत असल्यामुळे उतारूंच्या खोल्यांतूनही तो रचावा लागला, आणि एडन येईतो तोही बहुतेक संपला होता. अर्थात तांबड्या समुद्रात, जेथे वारा कधी पडतो तर कधी नेमका समोरून येतो, केवळ शिडांवर मदार ठेवणाऱ्या जहाजास दिवसचे दिवस तिष्ठावे लागे, हेही खरे. म्हणूनच त्या काळच्या आगबोटींवर डोलकाठ्या कायम ठेवून अनुकूल वाऱ्यात कोळशाची बचत करीत. मराठा आरमाराचे सरदार आंग्रे यांची गलबते मात्र अशा निर्वात प्रसंगी वल्ह्यांनी चालत व गुराब नावाच्या अवजड लढाऊ जहाजांनाही दोर लावून ओढून नेत.