बालाघाटावरचा पाऊस आणि ऊसतोडीचे स्थलांतर

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर दुष्काळाने जन्माला घातले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा मुलूख पर्जन्यछायेत येतो. जमीन हलकी, बागायत थोडी. पण येथील माणसाला घर सोडायला लावण्यात दुसऱ्या मुलखात पोहोचलेल्या पाण्याचा वाटाही तितकाच मोठा आहे.

ते पाणी दुष्काळ निवारणासाठीच आणले गेले होते. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला, प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी खणलेल्या कालव्यांवर बघता बघता ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. त्यानंतर कारखाने वाढत गेले आणि तोडणीला माणसे कमी पडू लागली. १९७२च्या दुष्काळाने बालाघाटावरून ती मोठ्या संख्येने पुरवली.

या कामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. ऊस बुडख्याशी तोडायचा, पाचट काढायचे, शेंड्याचे वाढे छाटायचे, मोळ्या बांधून गाडी भरायची; मजुरी टनावर. ती मात्र आधीच उचललेली असते. मजूर गोळा करणारा मुकादम पावसाळ्यातच ही उचल देतो, कारण बियाणे, लग्न, दवाखाना, जुने देणे यांसाठी पैसा तेव्हाच लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात, तेव्हा जायचे की नाही हा प्रश्न उरलेला नसतो. परतीचा पाऊस चांगला झाला आणि रानात ज्वारी डोलू लागली, तरी उचल फेडायला जावेच लागते.

दुष्काळाचा परिणामही सरळ रेषेत होत नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा जाण्याची गरज वाढते, पण उसाचे क्षेत्रही आटते. २०१५च्या दुष्काळानंतर २०१६-१७च्या हंगामात महाराष्ट्रातील साखर उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले. हाताला काम हवे असलेल्या वर्षीच तोडायला ऊस नव्हता.

अशी वळणे घेणारे संबंध शोधण्यात मशीन लर्निंगच्या पद्धती साध्या सरासरीपेक्षा सरस ठरू शकतात. भारतीय हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची चौकटवार नोंद आहे. यंदा जाणार का, असे कुटुंबांना विचारून मिळवलेली स्थलांतराच्या इराद्याची माहिती तिच्याशी ताडून पाहता येते. मात्र उचलीची रक्कम, ती घेतल्याचा महिना आणि कारखान्याच्या परिसरातील ऊस यांची नोंद त्या गणितात नसेल, तर यंत्र पावसालाच सगळे कारण समजेल. बीडमधून किती कोयते बाहेर पडतील हे सांगू पाहणाऱ्याने पर्जन्यमापकाबरोबर मुकादमाची वहीही तपासली पाहिजे.