रबराच्या कातडीवरचे वण

गॉडझिला तुम्ही पडद्यावर पाहिला असेल. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तो जपानभर झळकला, तेव्हा तो माणसाने अंगावर चढवलेला पोशाख होता. एइजी त्सुबुराया यांच्या कारागिरांनी बांबू आणि तारेचा सांगाडा केला, त्यावर कापड चढवले आणि वर पातळ लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे थर दिले. रंग दिला कोळशासारखा करडा. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा आणि इतका ताठ झाला, की आत शिरलेल्या हारुओ नाकाजिमांना धड चालवेना. मग दुसरा, हलका केला. पहिला मधोमध कापून पायांच्या दृश्यांना वापरला.

माझी नजर मात्र त्या खडबडीत कातडीवर अडते. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या अंगावर भाजल्याचे जाड वण राहिले होते; त्यांवरून ती घडवली, असे सांगतात. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी अणुचाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली होती. आम्ही कवी दुःखाला शब्द शोधतो. त्या कारागिरांना रबराचा चीक सापडला. नाकाजिमा १९७२ पर्यंत घामाने निथळत ती कातडी पांघरत राहिले. शहरे तुडवणारा तो राक्षस स्वतःही भाजलेला होता, एवढे ध्यानात ठेवावे.