फलकनिर्मितीतील कर्तनयंत्रांचा इतिहास आणि लघुव्यावसायिकापुढील निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :

दुकानाच्या दर्शनी भागावरील पाटी हा बाजारपेठेच्या इतिहासाचा सहज उपलब्ध असूनही दुर्लक्षित राहिलेला पुरावा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ महाराष्ट्रातील पाट्या प्रामुख्याने पेंटरच्या हातून रंगविल्या जात. पुढे अक्षर रंगविण्याऐवजी ते कापून चिकटविण्याची पद्धत रूढ झाली आणि व्यवसायाचे स्वरूपच पालटले. कुंचला आणि रंग यांना फारसे भांडवल लागत नव्हते. कर्तनयंत्रासाठी मात्र लहान दुकानदारास बहुधा कर्ज काढावे लागते. निवड चुकली तर हप्ते चालू राहतात आणि यंत्र पडून राहते. म्हणून कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून उपजीविकेचाही आहे. प्रस्तुत लेखात चाकूचे, लेझरचे आणि राउटरचे अशा तीन यंत्रांच्या इतिहासाच्या आधारे या निवडीचे निकष मांडले आहेत.

१. चाकूचे यंत्र : कटिंग प्लॉटर

व्हायनिलची अक्षरे कापणाऱ्या यंत्राचा इतिहास अमेरिकेतील एच. जोसेफ गर्बर यांच्या नावाशी निगडित आहे. 1924 मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले गर्बर नाझी राजवटीतून निसटून 1940 मध्ये अमेरिकेत आले. त्यांच्या कंपनीने प्रथम तयार कपड्यांच्या उद्योगासाठी कापड कापणारे संगणकनियंत्रित यंत्र विकसित केले. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी याच कंपनीने फलकांची अक्षरे कापणारे ‘साइनमेकर’ हे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर जपानी कंपन्यांचे आणि पुढे चिनी बनावटीचे स्वस्त प्लॉटर उपलब्ध झाल्याने हे तंत्र लहान दुकानांच्या आवाक्यात आले. महाराष्ट्रात या कामास ‘रेडियम कटिंग’ असे नाव पडले. वस्तुतः त्या चिकटपट्टीत रेडियमचा अंशही नसतो. चमकणाऱ्या वस्तूस लोकांनी दिलेले ते नाव आहे.

या यंत्रात चाकूचे लहानसे पाते व्हायनिलचा वरचा थर कापते आणि खालचा कागद अखंड ठेवते. यंत्राचा खर्च कमी, जागा कमी आणि वीजही कमी लागते. मात्र ते पातळ थरापुरतेच उपयोगी आहे. जाड शीट त्यावर कापता येत नाही.

२. लेझर

कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध 1964 मध्ये कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लावला. पटेल यांचा जन्म 1938 मध्ये बारामती येथे झाला व त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले. आज गावोगावच्या दुकानांत अॅक्रिलिकची अक्षरे कापणारी यंत्रे याच शोधावर आधारित आहेत. अॅक्रिलिक व लाकूड ही किरणे चांगल्या रीतीने शोषून घेतात आणि अॅक्रिलिकची कडा काचेसारखी गुळगुळीत निघते.

परंतु व्हायनिल आणि पीव्हीसी फोमचा सनबोर्ड यांसाठी हे यंत्र निषिद्ध मानावे लागते. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असल्याने उष्णतेने हायड्रोजन क्लोराइड वायू निर्माण होतो. तो कारागिराच्या श्वसनास घातक असून यंत्राचे धातूचे भागही गंजवितो. ‘एकाच यंत्रात सर्व कामे’ ही अपेक्षा येथे फोल ठरते.

३. राउटर

संगणकनियंत्रित राउटरचे मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या निर्मितीत आहे. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या कामातून 1952 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अंकनियंत्रित यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. एसीपी शीट, जाड सनबोर्ड आणि प्लायवुड यांसाठी हेच यंत्र योग्य होय. त्याला जागा अधिक लागते, आवाज व भुसाही होतो. त्यामुळे बाजारपेठेतील गाळ्यापेक्षा ते स्वतंत्र शेडमध्ये सोयीचे ठरते.

४. देवनागरी लिपीचा निकष

ही तिन्ही यंत्रे अन्य उद्योगांच्या वा प्रयोगशाळांच्या गरजांतून जन्मली. फलकनिर्मितीत ती रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रुळली. रोमन छापील अक्षरे सुटी असतात, तर देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेला असतो. संगणकातील टंकात मात्र प्रत्येक अक्षराचा आकार वेगळा असून शेजारील शिरोरेषा एकमेकींवर चढतात. ते आकार ‘वेल्ड’ करून एकजीव न केल्यास चाकू प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा छेदतो आणि पाटी काही काळाने तेथेच उखडू लागते.

उलट अॅक्रिलिकमध्ये हीच शिरोरेषा लाभदायक ठरते. संपूर्ण शब्द एकसंध निघतो आणि अक्षरे सरळ रेषेत बसविण्याचा त्रास वाचतो. अनुस्वार व नुक्ता यांसारखे सुटे भाग मात्र वेगळे बसवावे लागतात. राउटरचे गोल पाते आतील कोपरे मात्र गोलावते. 3 मिलिमीटर व्यासाच्या पात्याने दंड व शिरोरेषा यांच्या आतील कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. लहान जोडाक्षरांत हा दोष नजरेस खुपतो. म्हणून विक्रेत्याच्या पत्रकातील वेग व रुंदीच्या आकड्यांपेक्षा मराठी जोडाक्षरांचा नमुना समोर कापून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

५. मागणीतील बदल

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्सच्या छपाईने कापीव अक्षरांचे बरेच काम हिरावून घेतले. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाट्या अनिवार्य झाल्या आणि रेडियमच्या दुकानांचे नंबरप्लेटचे हुकमी काम आटले. याउलट 2022 मध्ये महाराष्ट्राने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अशी मागणी एकदाच उसळते. तिच्या भरवशावर घेतलेल्या मोठ्या यंत्राचे हप्ते मात्र पुढेही फेडावे लागतात.

निष्कर्ष :

कर्तनयंत्रांच्या इतिहासावरून असे दिसते की प्रत्येक यंत्र आपल्या विशिष्ट साहित्यासह आले आणि त्या साहित्याची मर्यादा हीच त्याचीही मर्यादा राहिली. म्हणून लहान दुकानाने आधी आपल्या नियमित कामाचे साहित्य ठरवावे, यंत्र नंतर. बहुतेकांसाठी कटिंग प्लॉटर ही योग्य सुरुवात होय. लेझर व राउटरचे काम प्रथम जॉबवर्कने बाहेरून करून घ्यावे आणि त्यावर दरमहा होणारा खर्च संभाव्य हप्ता, वीज व देखभाल यांच्या बेरजेपेक्षा सातत्याने अधिक होऊ लागल्यावरच खरेदीचा विचार करावा. तसेच पेंटरचे अक्षरज्ञान यंत्रामुळे कालबाह्य ठरत नाही. शिरोरेषेची जाडी, अक्षरांतील अंतर आणि जोडाक्षराची मांडणी यांचा निर्णय आजही यंत्र घेत नाही. तो कारागिरालाच घ्यावा लागतो.